खांबामागची जागा

चौदावा विभाग, के रांग, सात नंबर.
तिकिटावर बारीक अक्षरात छापतात : दृश्य अंशतः अडलेले.
अडवणारा म्हणजे एक लोखंडी खांब,
हिरव्या रंगाची पुटं चढून चढून अंग धरलेला,
आणि त्याच्यामागे डावीकडची बास्केट,
जी मी एकेचाळीस हिवाळ्यांत पाहिलेली नाही.
आठ नंबरवर माझा कोट बसतो.

बाबांनी ह्या जागा घेतल्या, कारण त्या अर्ध्या दरात होत्या.
धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी उभा राहणारा माणूस,
अर्धं दिसणं, अर्धे पैसे, हा हिशोब त्याला चोख वाटला.
मी मान वाकडी करायला लागले की म्हणायचे,
खांबाशी भांडू नकोस, लिबी. समोर बघ. माणसांकडे.
बॉल डावीकडे गेला की समोरच्या रांगा श्वास धरतात,
मग एक तर उठतात, नाही तर कपाळावर हात मारून घेतात.
पाटीवरचा आकडा माझ्या मागून येतो.

फेब्रुवारीत कोटासकट माणूस अठरा इंचांत मावत नाही,
म्हणून एक जण पुढे सरकतो, शेजारचा मागे रेलतो.
कणसातले दाणे, असं इथले लोक म्हणतात,
पण दाण्यांना कोपरं नसतात.
मेणाचा वास, ओल्या लोकरीचा, मोहरीच्या सॉसचा.
पाहुण्यांचा फ्री थ्रो असला, सगळं चिडीचूप झालं,
की भिंतीतला वाफेचा पाइप दोनदा ठोकतो.
बॉयलरवाला प्रोहास्का शपथेवर सांगतो, आपला त्यात हात नाही.
आम्ही त्याला दर नाताळात एक हॅम पाठवतो.

ऑक्टोबरात वाचनालयात पुठ्ठ्याची प्रतिकृती मांडली.
चार हजारांचे नऊ हजार होणार. छप्पर वर जाणार.
आत बोटाच्या पेराएवढी पांढरी माणसं,
चेहरे नसलेली, आणि एकाच्याही अंगात कोट नाही.
वास्तुरचनाकार पोरगेलासा, अदबशीर.
म्हणाला, बाई, खांब नाहीत. तुम्हाला आता सगळं दिसेल.
त्याच्यावर रागावताही येईना.

मग सभा. डेल्फीन क्रुपा कागद घेऊन उठली
आणि पहिल्याच ओळीत रडली.
कुणी बाकांची फळी मागितली, घरी नेऊन ठेवायला.
कुणी म्हणालं, आवाज विरून जाईल एवढ्या उंचीवर.
मीही बोलले. खांबाबद्दल. लोक हसले, मायेनं.

शेवटच्या रांगेतून तोमास अर्रेओला उठला,
मांस कारखान्यातला, हातात टोपी.
नऊ वर्षं यादीत आहे, म्हणाला. नंबर एक हजार बेचाळीस.
सामन्याच्या रात्री मी आणि मुलगी उत्तरेच्या भिंतीला उभे राहतो,
बॉयलरची झडप आहे तिथे. ऊब असते.
काय झालं ते आवाजावरून कळतं आम्हाला.
आकडा नंतर फोनवर येतो.

एवढंच बोलून तो बसला.
टाळ्या वाजल्या नाहीत, कुणी काही म्हणालंही नाही.
मला वाटायचं, ही विद्या आमच्याच घरातली.

बाबा जाऊन बारा वर्षं झाली.
बारा वर्षं मी दोन जागांचे पैसे भरते
आणि एकीवर लोकर बसवते.
त्या रात्री भिंतीपलीकडे कितीदा
आम्ही एकाच गोष्टीला उठलो असू,
मधे वीट, बर्फ आणि माझा कोट.

शनिवारी इनेस आली. नऊ वर्षांची, पुढचा दात नाही.
तोमास बाहेर थांबला. तिसरी जागा माझ्याकडे नव्हती.
तिनं खांबाला हात लावून पाहिला,
मग मान वाकडी करायला लागली.
मी म्हटलं, समोर बघ.
ती समोर बघेना. तिनं डोळेच मिटून घेतले
आणि माझ्याआधी उठली.

मार्चमध्ये मतदान आहे.
कोट मांडीवर घेऊन बसले तर फार उकडतं,
हे मला माहीत नव्हतं.